रॉकेल, रंगून आणि रत्नागिरी

खोबरेल, करंजेल, उंडेल, एरंडेल... आपल्या कोकणपट्टीतल्या तेलांची ही नावे एका दमात म्हणून पाहा. त्यांच्या मागोमाग आणखी एक नाव सहज येऊन बसते - रॉकेल. नवख्या माणसाला वाटावे, 'रॉक' नावाचे एखादे झाड असेल आणि त्याच्या बिया घाण्यात घालून हे तेल काढत असतील! प्रत्यक्षात हा शब्द 'रॉक ऑईल' म्हणजे खडकातले तेल यावरून आला. 'घासलेट' हा शब्दही 'गॅसलाईट'वरून आल्याचे मानतात. तिकडे पोर्तुगीज आमदनीत पेट्रोलला 'गाझोलीना' म्हणत आणि त्या तेलावर चालणाऱ्या लहान लाँचलाही तेच नाव होते. जुनी माणसे 'गाझोलिनीतून पलीकडे गेलो' असे सांगत, तेव्हा ती नदी ओलांडल्याची गोष्ट सांगत असत, तेलाची नव्हे.

परक्या वस्तूला आपण किती चटकन घरचे नाव देऊन टाकतो! आणि एकदा नाव घरचे झाले की ती वस्तू आली कुठून, कोणाच्या जमिनीतून आली, हे विचारायचे आपण विसरतो.

आमच्या मूळ घरी माळ्यावर पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. आजीच्या काळी त्यात चिंच ठेवत. डब्याच्या एका बाजूला गंजातून इंग्रजी अक्षरे डोकावत आणि त्यांतला 'बर्मा' एवढाच शब्द वाचता येई. मी व्यवसायाने सरकारी कारकून, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. इतिहासाची आवड आहे, पण हाती वेळ तो रविवारचा आणि दुसऱ्या शनिवारचा. त्या वेळात मी बर्मा ऑईल कंपनीचा माग काढत गेलो. जुनी गॅझेटियरे, भूगर्भशास्त्रज्ञांचे अहवाल, प्रवाशांची वर्णने, आणि टी. ए. बी. कॉर्ले या अभ्यासकाने दोन खंडांत लिहिलेला कंपनीचा इतिहास असे जे जे मिळाले ते वाचत गेलो. कारकुनाला एक सवय असते. कागद हातात आला की आधी पाहायचे, सही कोणाची, शिक्का कोणाचा, आणि ज्याच्या मालमत्तेविषयी हा पत्रव्यवहार चालला आहे त्याचे नाव कागदावर कुठे आहे? त्याच नजरेने मी हा इतिहास वाचला. जे दिसले ते इथे मांडतो.

ब्रह्मदेशात इरावती नदीच्या काठी येनांजाउंग नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून तेल काढण्याचा उद्योग इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता. १७९७ साली कॅप्टन हायरम कॉक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील तिथून गेला, तेव्हा तिथे ५२० विहिरी असल्याची माहिती त्याला मिळाली. (ज्याच्या नावाने बांगलादेशातले कॉक्स बाजार ओळखले जाते, तोच हा कॉक्स.) म्हणजे १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकने विहीर खोदली आणि तेलाचे युग सुरू झाले असे जे आपण शाळेत वाचतो, त्याच्या साठ वर्षे आधी इथे तेलाची बाजारपेठ होती. हे तेल दिव्यांत जाई, होड्यांच्या आणि घरांच्या लाकडाला लावले जाई, ताडपत्रावरच्या पोथ्या टिकाव्यात म्हणून वापरले जाई.

या विहिरींचा हक्क पिढीजात २४ घराण्यांकडे होता. त्यांना 'त्विन्झा' म्हणत. नवी विहीर कुठे खणायची, कोणी खणायची, हे ती घराणी ठरवत. हे वाचताना गोव्याच्या माणसाला दुसरे काय आठवणार? आपली गावकरी! मूळ गावकरांची ठरावीक घराणी, त्यांचे वांगड, सामाईक जमीन आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेला अधिकार. तपशील वेगळे असतील, पण तऱ्हा ओळखीची आहे.

विहीर खणण्याचे काम जिवावरचे होते. कमरेला दोर बांधून माणसाला खाली सोडत. दोराचे दुसरे टोक धरून माणसे उतारावरून पळत जात, की खालचा माणूस वर येई. आत वायू इतका कोंडलेला असे की खाली फार थोडा वेळ तग धरता येई. उन्हातून एकदम काळोखात गेल्यावर डोळ्यांना दिसू लागेपर्यंतच दम संपायचा. म्हणून उतरण्यापूर्वी काही वेळ खणणाऱ्याचे डोळे बांधून ठेवत, म्हणजे खाली गेल्यागेल्या त्याला दिसावे. कुदळीचे थोडे घाव घालायचे आणि वर यायचे. अशा रीतीने अडीचशे-तीनशे फूट खोल विहिरी खणल्या गेल्या. फ्रिट्झ नोएटलिंग या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात याचे बारकाईने वर्णन केले आहे. वाचताना आपलाच श्वास अडकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिंडॉन राजाने तेलाचा व्यापार सरकारजमा केला. विहिरी घराण्यांच्या, पण तेल विकायचे ते राजालाच आणि त्याने ठरवलेल्या भावाने. दक्षिण ब्रह्मदेश तेव्हा इंग्रजांकडे गेला होता. राजाकडून तेल विकत घेऊन ते इरावतीतून खाली रंगूनला आणायचे आणि शुद्ध करायचे, असा धंदा १८७१ साली स्थापन झालेल्या रंगून ऑईल कंपनीने मांडला. तो चालला नाही. बुडालेली कंपनी डेव्हिड साइम कारगिल या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८७६ मध्ये घेतली. सिलोनमध्ये त्याचा मोठा व्यापार होता. श्रीलंकेतल्या 'कारगिल्स' दुकानांवर आजही त्याचेच आडनाव आहे. रंगूनच्या तेलात मात्र त्याला दहा वर्षे नुकसानच सोसावे लागले. तेलाचा नळ त्याच्या हातात नव्हता, राजाच्या हातात होता.

आणि मग १८८५ साल आले. मिंडॉनचा मुलगा थिबा गादीवर होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या लाकूड कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त साग तोडून नेला, असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. फ्रेंचांचे पाऊल ब्रह्मदेशात पडू नये, हेही कारण होते. नोव्हेंबरात फौजा निघाल्या आणि दोन-तीन आठवड्यांत मंडाले पडले. थिबाला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले, आगबोटीने रंगूनला आणि तिथून मद्रासला. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील झाल्याचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजा, राणी सुपयालत आणि लहान राजकन्या यांना कायमचे नजरकैदेत ठेवण्यासाठी एका आडबाजूच्या बंदरात आणले गेले. ते बंदर म्हणजे आपली रत्नागिरी.

आणि त्याच १८८६ साली तिकडे स्कॉटलंडमध्ये कारगिलने एक नवी कंपनी नोंदवली. तिचे नाव बर्मा ऑईल कंपनी.

वाचकहो, या दोन नोंदी मला वेगवेगळ्या पुस्तकांत मिळाल्या. रत्नागिरीच्या इतिहासात थिबा आहे, पण तेल नाही. कंपनीच्या इतिहासात तेल आहे, पण थिबा मंडालेहून निघाला की त्याचे प्रकरण संपते. एक फाईल दोन खात्यांत वाटली जावी आणि दोन्ही खात्यांनी ती स्वतंत्रपणे बंद करावी, तसे हे झाले आहे.

रत्नागिरी गोव्याहून कोकण रेल्वेने काही तासांवर. थिबा राजवाड्याला आपल्यापैकी अनेकांनी भेट दिली असेल. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा, उतरत्या छपरांचा, लाकडी नक्षीचा तो वाडा १९१० साली तयार झाला. म्हणजे तोवर चोवीस वर्षे राजा दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहत होता. वाडा मिळाल्यावर जेमतेम सहा वर्षे तो जगला. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो तिथेच वारला. ब्रह्मदेश त्याला पुन्हा दिसला नाही. राणीला १९१९ साली परत जाऊ दिले. थोरल्या राजकन्येने रत्नागिरीच्याच एका मराठी माणसाशी संसार केला आणि तिचा वंश तिथे मराठी बोलत वाढला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना हा राजा पुन्हा आठवला.

वाड्याच्या सज्जात उभा असताना माझ्या मनात एक हिशेब आला. १९१० साली, म्हणजे राजाला हे छप्पर मिळाले त्या वर्षी, त्याच्या तेलाचे काय चालले होते?

त्याचे तेल तेव्हा जोरात होते. राजा गेल्यावर कंपनीने येनांजाउंगला अमेरिकन कारागीर आणून यंत्राने विहिरी पाडायला सुरुवात केली. कुदळीची जागा वाफेच्या इंजिनाने घेतली. इंग्रज सरकारने त्विन्झा घराण्यांचे हक्क एकदम रद्द केले नाहीत. त्यांच्यासाठी जमिनीचे ठरावीक तुकडे राखून ठेवले. पण राखीव जागा विकता येत होत्या. शेजारी यंत्र हजार फुटांवरून तेल ओढत असताना दोराने तीनशे फूट उतरणारा किती दिवस टिकणार? एकेक जागा विकली गेली. कागदोपत्री सगळे रीतसर! अमेरिकेच्या बलाढ्य स्टँडर्ड ऑईलला मात्र सरकारने ब्रह्मदेशात विहिरी मिळू दिल्या नाहीत. १९०५ साली ब्रिटिश आरमाराशी कंपनीचा इंधनतेलाचा करार झाला. १९०८ च्या सुमारास येनांजाउंगपासून रंगूनजवळच्या सिरियमच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत पावणेतीनशे मैलांची नळवाट टाकली गेली.

सिरियम हे नाव गोव्याच्या इतिहासात येऊन गेलेले आहे. फिलिप द ब्रितो हा पोर्तुगीज साहसी माणूस सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे राज्य करत होता. त्याच्यामागे गोव्याच्या व्हाइसरॉयचा आशीर्वाद होता, लग्नसंबंधही होता. १६१३ साली ब्रह्मी राजाने किल्ला घेतला आणि त्याला सुळावर चढवले. तीनशे वर्षांनी त्याच नदीकाठावर कंपनीच्या चिमण्या धूर ओकू लागल्या.

त्या काळी कंपनीचा मुख्य माल म्हणजे रॉकेल. मेणही निघे, त्याच्या मेणबत्त्या होत. पेट्रोलला मोटारी येईपर्यंत मोठे गिऱ्हाईकच नव्हते. इतका ज्वालाग्राही पदार्थ साठवायचा कुठे, हीच चिंता असे. मोटारी आल्या आणि ही गाळणीतली ब्याद सोन्याच्या भावाची झाली. आपल्याकडच्या लाकडी बांध्याच्या जुन्या कारेरी आणि नदीतल्या गाझोलिनी ज्या इंधनावर धावल्या, ते आधी कोणालाच नको होते, हे आज खरे वाटत नाही.

पण या कंपनीचे गोव्याशी खरे नाते जुळले ते इराणमार्गे. इराणात तेल शोधण्याचा परवाना १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी याने मिळवला होता. त्याचा पैसा संपत आला तेव्हा १९०५ मध्ये बर्मा ऑईलने त्यात पैसा घातला. २६ मे १९०८ रोजी मशिद-ए-सुलेमान इथे तेल लागले. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑईल कंपनी निघाली आणि तिचे बहुतेक भाग बर्मा ऑईलकडे होते. हीच पुढे बीपी झाली. अबादानचा कारखाना उभा राहिला तेव्हा अनुभवी हिंदी कामगार रंगूनच्या कारखान्यातून नेले गेले. पुढे मुंबईतून कारकून, आचारी, फिटर, सुतार यांची भरती झाली आणि त्यांत गोवेकरही होते. १९३४ मध्ये याच अँग्लो-पर्शियनने अमेरिकन गल्फ कंपनीच्या भागीने कुवेत ऑईल कंपनी काढली. १९४६ पासून कुवेतचे तेल बाहेर जाऊ लागले आणि तिथल्या कचेऱ्या गोव्याच्या कारकुनांनी भरून गेल्या. बार्देश-सासष्टीतली किती घरे कुवेतच्या पगारावर उभी राहिली, किती मुले शिकली! त्या पैशाचा उगम शोधत मागे मागे गेलो तर आपण येनांजाउंगच्या विहिरीपाशी येऊन पोचतो.

हिंदुस्थानच्या बाजारात मात्र या काळात स्पर्धा पेटली होती. १९२७-२८ मध्ये शेल आणि अमेरिकन स्टँडर्ड यांचे रशियन तेलावरून भांडण जुंपले आणि त्याचे रणांगण झाले हिंदुस्थानातले रॉकेल. भाव कोसळले. लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या भांडणात इथल्या चिमण्या-कंदील काही दिवस स्वस्तात जळले. १९२८ मध्ये बर्मा ऑईल आणि शेल यांनी हिंदुस्थानातली विक्री एकत्र करून बर्मा-शेल ही कंपनी काढली. माझ्या वडिलांच्या पिढीला पेट्रोलपंप म्हणजे बर्मा-शेलच. १९७६ साली भारत सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७७ पासून ती भारत पेट्रोलियम झाली.

आता या गोष्टीचा शेवटचा भाग. माझ्यातल्या कारकुनाला सगळ्यात जास्त भिडला तो हाच.

१९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनपाशी आल्या. तेल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश लष्कराच्या हुकमावरून मार्च महिन्यात सिरियमचा कारखाना उडवून दिला गेला आणि एप्रिलमध्ये येनांजाउंगच्या विहिरी व यंत्रे नष्ट केली गेली. कंपनीची छपन्न वर्षांची कमाई काही दिवसांत राख झाली. युद्ध संपल्यावर कंपनीने आपल्याच सरकारकडे नुकसानभरपाई मागितली. सरकारने पुरेशी दिली नाही, म्हणून ती कोर्टात गेली. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला, की राजसत्तेने युद्धासाठी प्रजेची मालमत्ता अशा रीतीने नष्ट केली तर भरपाई द्यावी लागेल. कंपनी जिंकली! आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने 'वॉर डॅमेज ॲक्ट, १९६५' मंजूर करून तो हक्कच काढून घेतला. तोही पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे जणू तो हक्क कधी नव्हताच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. दरम्यान, १९६३ च्या आरंभी ब्रह्मदेशाच्या सरकारने तेलधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. कंपनीचे तिथले खाते बंद झाले.

'पूर्वलक्षी प्रभावाने' हे शब्द आम्ही कारकून रोज टंकतो. वेतननिश्चितीच्या आदेशात ते आले की बरे वाटते. पण गोव्याच्या माणसाला त्यांचे दुसरे रूपही ठाऊक आहे. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणींच्या सवलती संसदेने १९८७ मध्ये कायदा करून रद्द केल्या आणि त्यांचे खाणपट्टे झाल्याचे जाहीर केले, ते २० डिसेंबर १९६१ पासून! पुढे सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ आणि २०१८ चे निकाल आले, पट्टे रद्द झाले, मग लिलाव सुरू झाले. जमिनीच्या पोटातले धन नेमके कोणाचे - राज्याचे, परवानाधारकाचे, की ज्यांच्या गावात तो डोंगर आहे त्यांचे - हा प्रश्न आपल्याकडे अजून धगधगतो आहे.

म्हणून बर्मा ऑईलचा इतिहास मला परका वाटत नाही. तो बहुधा धाडसी भांडवलदार आणि हुशार इंजिनियर यांची यशोगाथा म्हणून लिहिला जातो. कारगिलची चिकाटी खरी आहे, ड्रिलरांचे कसबही खरे आहे. पण त्याच विहिरींचा हक्क तीनदा हिरावला गेला. १८८५ मध्ये राजाचा गेला, तो युद्धात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्विन्झा घराण्यांचा गेला, तो रीतसर खरेदीखतांनी. १९४२ मध्ये कंपनीचा गेला, तो सुरुंगांनी. तिघांपैकी फक्त कंपनीला कोर्टाची पायरी चढता आली, वकील मिळाले, लॉर्डांसमोर उभे राहता आले आणि तरीही तिला शेवटी हात हलवत परतावे लागले. मग थिबाचे काय? तो तर रत्नागिरीत बसून आपल्या जडजवाहिराविषयी आणि तनख्याविषयी वर्षानुवर्षे अर्ज पाठवत राहिला. आणि डोळे बांधून विहिरीत उतरणाऱ्याचे काय? त्याच्या नावाचा तर अर्जही कुठल्या फाईलीत नाही.

आमच्या डब्याच्या पत्र्यावर कंपनीचे नाव छापलेले होते. कंपनी गेली, राजा गेला, ब्रह्मदेशाचा म्यानमार झाला. रॉकेल हा शब्द मात्र खोबरेल-करंजेलाच्या रांगेत बसून राहिला आहे. तो उच्चारताना निदान एकदा तरी इरावतीकाठच्या त्या दोराची आठवण व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.